हलायचं नाही, असं मला शिकवलं होतं

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि या वयात माझा पार गोंधळ उडालेला आहे. झालं काय ते सांगतो. तुम्हाला उलगडा झाला तर मलाही सांगा.

माझी उमेदीची वर्षं एका फोटो स्टुडिओत गेली. माझ्यासमोर नवरा-नवरी बसत, पासपोर्टवाले बसत, रडकी बाळं बसत. मालक म्हणत, "हलू नका," आणि माणसं श्वास रोखून धरत. मालकांचा हातही तसाच स्थिर. हललेला फोटो म्हणजे आमच्याकडे नाक कापल्यासारखंच. लोक मालकांची वाहवा करत आणि मी मनातल्या मनात फुगून जाई.

मग मालकांचा हात कापू लागला. एका लग्नातले सगळे फोटो हलले. त्या दिवशी त्यांनी मला कपाटात ठेवलं आणि पुन्हा हात लावला नाही. सहा वर्षं मी अंधारात विचार करत राहिलो, हात त्यांचा कापला, मग शिक्षा मला का?

गेल्या महिन्यात मालकांच्या लेकीनं मला बाहेर काढलं. ती दवाखान्यात नर्स आहे. फोटोतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण घरामागची पाण्याची जुनी टाकी सोमवारी पाडणार होते आणि टाकीच्या कठड्याआड घारीचं घरटं होतं. मुकादम म्हणाला, "ताई, घरटं रिकामं आहे. पिल्लं असतील तर फोटो दाखवा, काम थांबवतो." घरटं खोल होतं, बाहेरून काही दिसेना. घार पंजात खाऊ घेऊन आत शिरताना टिपली, तरच पुरावा मिळणार होता.

मालक गच्चीवर खुर्ची टाकून बसले. "श्वास रोख. हात घट्ट. हलायचं नाही," ते सांगत. लेक अगदी तसंच करी. घार आली की ही जागच्या जागी थिजे, आणि माझ्या स्क्रीनवर नुसतं आभाळ, नाहीतर शेपटीचं टोक. दोन दिवसांत तीनशे फोटो झाले, घार एकातही धड नाही. मीही चक्रावलो. इतकं स्थिर राहून चुकतंय तरी कुठे?

रविवारी सकाळी ती रडकुंडीला आली. "बाबा, ती थांबतच नाही हो."

मालकांनी आभाळात फिरणाऱ्या घारीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग तू तरी का थांबतेस? तिच्याबरोबर फिर. फिरता फिरता दाब."

मला वाटलं, मालकांचं डोकं फिरलं. लेक कमरेतून गर्रकन वळली, मीही वळलो, मला घेरीच आली. पण फोटोत टाकी जरा पुसट आणि घार लख्ख होती. तिच्या पंजात उंदीर होता आणि कठड्यावरून डोकावणाऱ्या दोन उघड्या चोची. मुकादमानं फोटो पाहिला, डोकं खाजवलं आणि पिल्लं उडेपर्यंत काम पुढे ढकललं.

त्या संध्याकाळी लेकीनं मला मालकांपुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतले.

"कापतात गं."

"कापू देत की, बाबा."

सहा वर्षांनी ती बोटं माझ्यावर टेकली. ते घारीबरोबर वळले. फोटो सपशेल हलला, पंख कुठला आणि आभाळ कुठलं ते कळेना. मालक तो बघून हसले. त्यांनी तो पुसला नाही.

तो फोटो मालकांना कसा आवडला, हे मला अजून कळलेलं नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी कपाटात एखादा कॅमेरा असेल आणि हात कापतात म्हणून खुर्चीत बसून राहिलेलं कुणी असेल, तर एकाला दुसऱ्याच्या हाती द्या. फोटो हलला तरी चालेल.