खिडकीमागचा अंधार

मी एक जुनी निगेटिव्ह आहे, मित्रांनो, आणि मला आता आंबट वास येऊ लागला आहे. असा वास आला की आमचे दिवस भरत आले असं समजावं. आधी आम्ही आकसतो, मग आमच्या कडा वळतात, मग अंगावरचा चित्राचा थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो.

एका सकाळी वडील कॅमेरा घेऊन अंगणात उभे राहिले, तेव्हाचा माझा जन्म. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांची पाच महिन्यांची मुलगी बसलेली, तोंडावर भरपूर ऊन. मागे खोलीत अंधार, आणि त्या अंधारात तिची आई. लेक पडू नये म्हणून तिने तिचं झबलं मागून घट्ट मुठीत धरलं होतं. आम्हा निगेटिव्हचं सगळं उलटं असतं. ऊन माझ्यात काळंकुट्ट उमटलं आणि आई जवळजवळ पारदर्शक, काचेवर श्वास सोडावा तशी.

माझ्यावरून छापलेला फोटो भिंतीवर लागला. "कशी शहाण्यासारखी बसलीये!" येणारा-जाणारा म्हणे. छापताना मागचा अंधार मात्र पार काळा झाला होता, आई त्यात दिसतच नव्हती. वर्ष सरायच्या आत आई आजारपणात गेली. तिचा दुसरा फोटो कधी निघालाच नव्हता. तिचा चेहरा फक्त माझ्याकडे राहिला, आणि मी एका डब्यात. पुढे वडीलही गेले. डबा कुणी उघडला नाही.

परवा तो उघडला. ती मुलगी आता स्वतः आई झाली होती, कडेवर बाळ होतं. भिंतीवरचा फोटो वाळवीने खाल्ला, म्हणून ती आणि तिचा दादा मला स्कॅन करायला दुकानात घेऊन आले. दुकानदाराने मला मशीनमध्ये सरकवलं आणि एक बटण दाबलं. काळं काय, पांढरं काय, सगळं मशीननेच ठरवलं. पडद्यावर फोटो लखलखीत आला. आई पुन्हा काळ्यात बुडाली.

"एक नंबर!" दादा म्हणाला.

"निगेटिव्हची ही पट्टी नेणार की टाकू?" दुकानदाराने विचारलं. "सडलीये हो."

"टाका, टाका. डोकं उठलंय त्या वासाने."

मी कचऱ्याच्या टोपलीवर लोंबकळत होते. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा जरा. दादा, हे माझं पिल्लू बघ. फोटोतल्या माझ्याएवढंच आहे, पण धरल्याशिवाय बसत नाही. मग मी कशी बसले?"

"तू आधीपासूनच आगाऊ!"

"मस्करी नको ना. मला धरलंय कुणी?"

दादाचं हसू मावळलं. दुकानदाराने फोटो उजळून पाहिला. काळ्याचं करडं झालं, बाळाचा गाल पांढराफटक पडला, पण मागे काहीच निघालं नाही.

"मशीनने उडवलं ते उडवलं, ताई. पट्टी पुन्हा घालावी लागेल. या वेळी दोन्ही टोकं मोकळी सोडतो, काळ्याचंही आणि पांढऱ्याचंही, म्हणजे मशीन काही उडवणार नाही. पण फोटो राखेसारखा मळका दिसेल, आधीच सांगतो."

"दिसू दे."

मला सपाट दाबताना माझी कड चिरली. "अहो, हळू!" ती ओरडली. थर सुटत होता, आणि नेमका आईच्या बाजूने. उजेड माझ्यावरून इंच-इंच सरकू लागला.

चित्र आलं ते निस्तेज, मळकट. पण गालावरचं ऊन शाबूत होतं. मागे हळूहळू एक मूठ दिसू लागली. मग मनगट, खांदा, हनुवटी, ओठ. ओठांच्या वर भेग होती. डोळे असायचे तिथे काहीच नव्हतं.

"दादा," ती कशीबशी म्हणाली, "हसतेय का रे ती?"

दादा पडद्याजवळ वाकला. "हसतेय," म्हणाला, आणि पाठ फिरवून उभा राहिला.

मित्रांनो, आता मी कागदी पाकिटात आहे. भेग थांबलेली नाही. ती ओठांकडे येते आहे. तुमच्याही घरी कपाटावर एखादा डबा असेल. तो उघडा, वास घ्या. आमच्यातला अंधार एका बटणावर सोपवू नका; त्यात कुणी उभं आहे का, ते आधी नीट बघा. आणि उद्यावर टाकू नका. मला डोळे सांभाळता आले नाहीत. तुमच्या डब्यातले अजून असतील.