टेबल कोण सांभाळणार?

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात रंग जुळवणाऱ्या बाईंना सगळे ‘नजर’ म्हणत. गिऱ्हाइकाचा चिंधीएवढा नमुना आपल्या टेबलाशेजारच्या खिडकीशी धरायचा आणि लाल थेंबभर जास्त की पिवळा कमी, ते सांगायचं. एकोणीस वर्षांत त्यांचा शब्द दोनदाच चुकला; त्यातल्या एका वेळी अंगात ताप होता.

रंगमास्तर निवृत्तीला आले, तेव्हा बाईंनी त्यांच्या जागेसाठी मॅनेजरपुढे अर्ज ठेवला.

“तुम्हाला वर घेतलं तर टेबल कोण सांभाळणार?” मॅनेजर हसून म्हणाले.

कौतुकच ते, पण गळ्यातल्या लोढण्यासारखं. बाईंनी ते मनावर घेतलं आणि हाताखालच्या गोडबोल्याला वर्षभर शिकवलं. निळ्यातला हिरवा दिसायला त्याला सात महिने लागले. शेवटी स्वतःची मिश्रणांची वहीसुद्धा त्याला दिली.

“आता टेबल हा सांभाळेल, साहेब.”

“वा! टेबलही येतं आणि गिऱ्हाइकांकडे बाहेरगावीही जाईल. मग मास्तर हाच बरा.”

“मीही जाईन की!”

“महिन्यातले दहा दिवस? यजमानांना चालेल? अहो, तुमचाच विचार केला.”

घरी यजमान पातेल्यात डोकावत होते.

“मला कुणी विचारलं?” सगळं ऐकून ते चिडले. “महिनाभर भात लावायला शिकतोय मी! बघ, आज मोकळा झालाय.”

भात खरंच मोकळा झाला होता.

पंधरा दिवसांनी नवा मास्तर गोडबोल्या मोठ्या ऑर्डरचा पहिला तुकडा घेऊन बाईंच्या टेबलाशी आला.

“ताई, जरा नजर टाका ना. सगळं कापड यावरच जायचंय.”

बाईंनी तुकडा खिडकीशी धरला. लाल चढला होता. त्यांनी तुकडा गोडबोल्याच्या हातात परत ठेवला.

“याला मास्तरांची सही लागते,” त्या म्हणाल्या. “माझी कशाला?”

गोडबोल्याने सही ठोकली. महिन्याभरात सगळं कापड परत आलं.

मॅनेजरनी चौकशीचा कागद केला: ‘टेबल नीट सांभाळलं गेलं नाही.’ खाली जबाबदार माणसाची सही हवी होती. कागद थेट बाईंपुढे आला.

या सहीसाठी बाहेरगावी जावं लागत नव्हतं. यजमानांना चालेल का, हेही कुणी विचारलं नाही.