शहागंजच्या गल्लीतला थंडीचा कोट

मित्रांनो, ज्या गावात चैत्रात कोंबडी उकडलेलंच अंडं घालते, त्या गावात मी लोकरीचा ओव्हरकोट होऊन जन्माला आलो. माझ्या नशिबाची थट्टा इथूनच सुरू झाली.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन नुकतीच होऊन गेली होती. आजच्या छत्रपती संभाजीनगरला तेव्हा औरंगाबाद म्हणत. शहागंजात दाऊदमियां नावाचे शिंपी होते. एका जहागीरदारानं त्यांच्याकडं विलायती लोकर टाकली, माप दिलं आणि पुढं तो मुलूख सोडून गेला तो परत आलाच नाही. दाऊदमियांनी मात्र मला शिवून पुरं केलं. गिऱ्हाईक गेलं म्हणून शिलाई अर्धी सोडायची नसते, असं ते म्हणत. बाहेर काळी लोकर, आत तपकिरी अस्तर आणि शिंगाची बटणं. मला खुंटीवर टांगलं तेव्हा समोरची भिंत अदबीनं दोन बोटं मागं सरकली.

काही वर्षं मी नुसता लोंबकळलो. मग शेजारचे रामकिसन गुरुजी बद्रीनाथला निघाले. त्यांच्याजवळ एक विरलेली घोंगडी तेवढी होती. दाऊदमियांनी मला त्यांच्या अंगावर चढवलं आणि गळ्याशी येणारं वरचं बटण स्वतःच्या हातानं लावलं. म्हणाले, "आता तुम्ही निघालात समजा."

तेव्हापासून गल्लीत रिवाज पडला. थंड मुलखाला जाणाऱ्यानं कोट मागायला यायचं. मागितला की नाही म्हणायचं नाही. वरचं बटण शिंप्यानं लावायचं. ते लागलं की माणूस निघाला, मग खिशात तिकीट असो वा नसो. आणि परत येताना तिथलं काहीतरी माझ्या खिशात घालून आणायचं.

मी किती डोंगर पाहिले म्हणून सांगू? बद्रीनाथला मला बघून समोरच्या शिखरानं ढग गळ्यापर्यंत ओढून घेतला. गल्लीतल्या चतुराबाई मला घालून नेपाळला गेल्या, तेव्हा एक याक माझ्या वासानं आमच्या मागं मागं आला. जत्रेत हरवलेला थोरला भाऊ सापडला, असं त्याला वाटलं. पटत नसेल तर याकाला विचारा.

दाऊदमियांच्या मागं दुकान त्यांच्या मुलाकडं, वहाबमियांकडं आलं. बटण लावायचं कामही त्यांच्याकडंच आलं. कोट परत करायला आलेल्या प्रत्येकाला ते एकच विचारत, "बर्फ कसा असतो?"

कुणी म्हणे थंड. चतुराबाई म्हणाल्या, पिंजलेल्या कापसासारखा. हातगाडीवाला सांडू मला काश्मीरच्या नावानं घेऊन गेला आणि आठवडाभर इथं जवळच, खुलताबादला बहिणीकडं पडून राहिला. परतताना त्यानं शहागंजातच एक अक्रोड विकत घेतला आणि माझ्या खिशात टाकला. वहाबमियांनी विचारलं, "बर्फ कसा असतो?" सांडूनं पापणीही न हलवता सांगितलं, "खारट." वहाबमियां दिवसभर त्यावर विचार करत बसले. खोटं बोलण्यात मला मागं टाकणारा तेवढा एकच माणूस मी पाहिला.

वहाबमियां स्वतः मात्र खुलताबादच्या चढापलीकडं कधी गेले नाहीत. सणाची शिलाई संपली की लग्नाची, ती संपली की शाळेचे गणवेश. सगळी गल्ली त्यांच्या हातून बटण लावून जायची आणि ते माझ्याखाली मशीनवर वाकलेले असायचे.

पुढं लोक चकचकीत, फुगीर जाकिटं घेऊ लागले. मला मागायला कुणी येईना. पाठीत कसर लागली. आणि त्याच दिवसांत वहाबमियांचे डोळे जाऊ लागले.

डोळ्यांच्या मागचा पडदा खराब होत होता. कडेचं दिसे, पण नजरेच्या मधोमध एक धूसर डाग बसला होता आणि तो वाढत होता. डॉक्टरांनी सांगितलं, यावर आता इलाज नाही. जे बघायचं असेल ते लवकर बघून घ्या.

ही गोष्ट फक्त बिल्कीसबींना, म्हणजे त्यांच्या बायकोला ठाऊक होती. शिंप्याचे डोळे गेले असं कळलं की गिऱ्हाईकही जातं. म्हणून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी बिल्कीसबी सुया ओवून ठेवत. काळा, पांढरा, खाकी, प्रत्येक रंगाची सुई उशीत आपल्या जागी खोचलेली. वहाबमियां कापड बोटांनी ओळखत आणि सुई जागेवरून उचलत. कुणाला पत्ता लागत नसे. रोज चहाला येणाऱ्या नानासाहेबांनाही नाही.

हे नानासाहेब जवळच्या शेंद्रा गावचे. शेतावर राहून कारखान्यात नोकरी केली आणि आता निवृत्त होऊन गल्लीच्या तोंडाशी राहत. त्यांची भाची किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकत होती. त्या देशाचं नाव घेताना नानासाहेबांची कवळी जागची हलायची. एक दिवस ते म्हणाले, "वहाबभाई, चला. लई स्वस्त मुलूख हाय. काश्मीरच्या निम्म्या वाटंलाबी पुरायचं नाय, तेवढ्या पैशात सगळं होतं. पोरीची खोली हाय. तिथून तासाभरात गाडी थेट बर्फापाशी. चढायचं नाय का उतरायचं नाय. पण आत्ताच. पोरीची परीक्षा झाली की ती कायमची परत यायची."

वहाबमियांचा हात मशीनच्या चाकावर थांबला. मी वरून बघत होतो. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं स्वतःसाठी पाहिलं.

पण बिल्कीसबी ऐकेनात. घरात ते दोघं दखनी उर्दूत भांडतात. मी तुमच्यासाठी मराठीत सांगतो.

"कुणी नाव ऐकलंय त्या मुलखाचं? काय आहे तिथं?"

"डोंगर आहेत. घोडे आहेत. नाना म्हणतो, रोटीला तिथंही नानच म्हणतात."

"नान खायला विमानानं जायचं? नान शहागंजात मिळतो."

रोज हेच चाललं. शेवटी तिकिटांचा दिवस आला. संध्याकाळी पाचला भाचीचा फोन येणार होता. हो किंवा नाही, तेव्हाच सांगायचं होतं. त्या सकाळी बिल्कीसबी मुद्द्यावर आल्या.

"परवा बाजारात माझा हात सुटला, तर तुम्ही भलत्याच बाईच्या मागं निघालात. माझे गुडघे असे. मी येऊ शकत नाही. तिथं हात कोण धरणार?"

"नाना आहे ना."

"नानाभाऊंना ठाऊक तरी आहे का?"

वहाबमियांनी मापाची पट्टी उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

"सांगा त्यांना. मग खुशाल जा."

"सांगितलं तर तो नेणार नाही."

"मग झालं तर," म्हणून बिल्कीसबी आत गेल्या. त्या रागात होत्या. त्या दिवशी त्यांनी सुया ओवल्या नाहीत.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. वहाबमियांनी मला खुंटीवरून काढलं आणि घातलं. मित्रांनो, मी अनेकांच्या अंगावर गेलो, पण असा बेतल्यासारखा कुणालाच बसलो नव्हतो. त्यांनी खालून एकेक बटण लावत आणलं. वरच्या बटणाशी बोटं थांबली. रिवाज होता. ते बटण आपलं आपण लावायचं नसतं. त्यांनी मला उतरवलं, झटकलं आणि दारातल्या दोरीवर उन्हात टाकलं. त्यांच्या मनानं घेतलं होतं. नानासाहेब आले की तेच हे बटण लावतील, मग हो म्हणायचं.

नानासाहेब लवकरच आले. दोरीवर मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"माझ्यासाठी काढून ठेवला व्हय? मी म्हणणारच होतो, कोट द्या म्हणून. आता घ्या, मी मागितला. रीत म्हणजे रीत."

बघा मित्रांनो, कशी चूक झाली ती. इतकी वर्षं ज्या गल्लीत थंड मुलखाला निघालेला माणूस कोट मागतो, तिथं नानासाहेबांनी तो मागितला. त्यात त्यांचं काय चुकलं? आणि मागितला की नाही म्हणायचं नाही, हे वहाबमियांना वडिलांनी शिकवलेलं. त्यांचे ओठ हलले. पण बोलले ते एवढंच, "या, घालतो."

कोट एक आणि निघालेले दोघं. बटण लागल्याशिवाय माणूस निघत नाही, म्हणून वहाबमियांच्या दृष्टीनं सगळं तिथंच संपलं. त्यांनी मला नानासाहेबांच्या खांद्यावर चढवलं. हात गळ्याशी आले. वरचं बटण काज्यात शिरलं. मी इकडं तिकडं पाहिलं. कुणी अडवणारं नव्हतं. तेव्हा मी काय केलं? छाती फुगवून असा हिसका दिला, की बटण तुटून थेट मशीनखाली गेलं. काही लोक म्हणतात, नानासाहेबांची मानच जाड आहे. लोकांचं काय ऐकायचं.

"लावून द्या टाका," नानासाहेब म्हणाले. "उघड्या गळ्यानं निघायचं नाय."

वहाबमियांनी चाचपून बटण शोधलं. उशीतून सुई उचलली. सुई रिकामी होती. दुसरी उचलली. तीही रिकामी.

त्यांनी रीळ घेतलं. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुईजवळ नेलं. दोरा बाजूनं गेला. मान तिरकी करून पुन्हा नेला. पुन्हा बाजूनं. नानासाहेब आधी हसत होते. मग हसू थांबलं. दोरा सुईला सोडून बोटाला टेकत होता आणि वहाबमियांच्या कपाळावर घाम आला होता.

"वहाबभाई, कधीपासून?"

"काय?"

"हे."

"सुईचं भोक आजकाल बारीक येतंय, नाना."

नानासाहेबांनी मला हळूच अंगातून काढलं आणि मशीनवर ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात पाचला थोडा अवकाश होता.

"मला सांगितलं नाय तुम्ही," ते म्हणाले. "रोजचा चहा प्यालो इथं, आन मला सांगितलं नाय. आता मी नाय नेणार. वहिनी विरोध करतेत ते बराबर हाय. बर्फात पाय घसरला तर? तिकडं कुठं हरवला तर? आंधळ्या माणसाला घेऊन मी परमुलखात काय करू?"

शब्द तोंडातून गेला आणि दुकानात बसून राहिला. वहाबमियां रिकामी सुई धरून खाली बघत होते.

आतल्या दाराचा पडदा हलला. बिल्कीसबी किती वेळ तिथं उभ्या होत्या कोण जाणे. गेले कित्येक दिवस त्या हेच तर बोलत होत्या. पण आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते कसं लागतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

"नानाभाऊ," त्या म्हणाल्या, "आंधळे नाहीत ते. अजून नाहीत. मला रोज ओळखतात. तुम्हाला चालीवरून ओळखतात."

"वहिनी, तुम्हीच तर नको म्हणत होता."

"मी म्हणेन. मी बायको आहे. तुम्ही कोण नको म्हणणारे?"

बिल्कीसबींनी नवऱ्याच्या हातातून सुई घेतली, एका झटक्यात ओवली आणि उभ्या उभ्याच बटण शिवलं. दोरा दातानं तोडला. मग मला उचललं आणि वहाबमियांच्या पाठीशी धरलं.

"हात घाला."

"नानानं मागितलाय तो. रिवाज आहे."

"नानाभाऊंनी जाकीट विकत घ्यावं. पेन्शन कशाला आहे?"

वहाबमियांनी हात घातले. फोन वाजू लागला. नानासाहेब तो खिशातून काढून नुसते धरून राहिले. बिल्कीसबींची बोटं माझ्या गळ्याशी आली. बटण पहिल्या खेपेलाच लागलं.

"आता तुम्ही निघालात समजा," त्या म्हणाल्या. मग नानासाहेबांकडं वळून, "बाजारात ते डावीकडं भरकटतात. डावा हात धरा."

नानासाहेबांनी फोन कानाला लावला. म्हणाले, "दोन तिकिटं काढ, बाई."

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते खरं आहे आणि खरं सांगायची मला सवय नाही.

किर्गिझस्तानात गाडी थांबली. एका बाजूला झाडी, समोर डोंगर आणि मधे सगळं पांढरं. नानासाहेब नव्या जाकिटात गादीसारखे फुगले होते. त्यांनी वहाबमियांचा डावा हात जो धरला होता, तो त्या सबंध प्रवासात सोडला नव्हता. वहाबमियां मान तिरकी करून बघत होते, कारण त्यांना कडेनंच दिसे. पांढरं इतकं होतं, की कडेलाही पुरून उरलं. मग ते वाकले, मूठभर बर्फ उचलला आणि जिभेवर ठेवला. वारा सुटला होता. माणसांच्या डोळ्यांना कशानं पाणी येतं, ते आम्हा कोटांना कळत नाही. माझी कॉलर दोन्ही बाजूंनी भिजली, एवढंच मला माहीत.

दुसरी मूठ त्यांनी माझ्या खिशात घातली, बिल्कीसबींसाठी. ती गाडीतच वितळली. घरी आल्यावर बिल्कीसबींनी खिशात हात घातला, तो तसाच राहू दिला आणि म्हणाल्या, "ओल आहे अजून." ती ओल आजही आहे. या, हात घालून बघा.

दुसऱ्या दिवशी म्हातारा सांडू मुद्दाम काठी टेकत दुकानात आला. डोळे मिचकावून म्हणाला, "काय मियां, बर्फ कसा असतो?"

वहाबमियां म्हणाले, "खारट. तू बरोबर बोलला होतास."

सांडू हसायला आला होता. तो खाली बसला आणि त्यानं मुकाट्यानं चहा मागितला.

मित्रांनो, मला आता वर्षातून एकदा ऊन दाखवा, कडुनिंबाचा पाला घाला, म्हणजे झालं. पण तुमच्या घरातही कुणीतरी असेल. तुम्ही गावाला निघालात की पिशवी भरून देणारं, दारापर्यंत येणारं आणि तिथूनच मागं फिरणारं. एकदा त्यांना दारात थांबवा. कोट त्यांच्या अंगावर घाला. आणि वरचं बटण तुम्ही लावा.