हिरव्या झिरोच्या बल्बखालचं पाणी

माझ्या सासूबाई, अंबूबाई, दिवसभर पाण्याचा थेंब घेत नसत, आणि त्याला कारण माझा गेलेला नवरा होता.

गणराजनं शेवटी पाणी मागितलं होतं. आई तांब्या घेऊन येईपर्यंत तो गेला. तेरावं उरकलं तरी त्यांनी आतल्या खोलीतल्या त्या जागेवरचा दिवा आणि पाण्याचा पेला हलू दिला नाही. घरमालकानं काजळीवरून कटकट केली, म्हणून मी दिव्याऐवजी हिरवा झिरोचा बल्ब लावला. सकाळी आंघोळ करून त्या पेला काठोकाठ भरत. दिवेलागणीला पाणी उतरलेलं दिसलं की म्हणत, "प्यायला माझा गणू," आणि मगच स्वतः पीत. ऐन वैशाखात, पिंपळे गुरवच्या पत्र्याखाली! दोनदा चक्कर येऊन पडल्या. माझं डोकंच फिरलं.

मी चाकणला कंपनीत रंगाच्या खात्यात आहे. ओलं कसं वाळतं हे बघण्यातच माझी शिफ्ट जाते. तसलाच दुसरा पेला भरून मी त्याच खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला. संध्याकाळी त्यातलं पाणी जेमतेम उतरलं होतं. बल्बखालचं चांगलं बोटभर उतरलं होतं. बल्ब तर एलईडीचा, हाताला गार. फोनवर शोधलं तेव्हा कळलं, ऊब नसली तरी नुसता उजेड पाणी उडवतो, त्यातही हिरवा जास्त.

"आई, उजेड पितोय पाणी. गणराज नाही," मी तोंडावर सांगितलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "मग मेलेल्यापाशी दिवा कशापायी लावत्यात, पोरी? उजेडातूनच येतोय की त्यो."

मी कपाळावर हात मारला.

गुरुवारी कंपनीला सुट्टी, आणि लाईटलाही. आतल्या खोलीला खिडकी नाही. बल्ब बंद, म्हणजे पाणी उतरणार नाही, म्हणजे ही बाई आज तहानेनं मरणार. मी घाबरले. ठरवलं, त्यांचा डोळा लागला की आपणच दोन घोट घ्यायचे. पाप लागलं तर लागलं.

दुपारी त्या पेल्याशेजारीच भिंतीला टेकून झोपल्या होत्या. मी चोरपावलांनी आत जाऊन मोबाइलचा उजेड पाडला. पेला रिकामा होता. तळाला ओलसुद्धा नव्हती. मी त्यांच्या ओठांवर उजेड नेला. भेगाळलेले, पांढरे, खडखडीत कोरडे.

उजेड त्यांच्या डोळ्यांवर गेला. आईंनी डोळे उघडले.

"आज अंधार हाय ना, म्हणून जवळ बसून प्यायला," त्या म्हणाल्या, आणि उठून माठाकडे गेल्या. घटाघटा तांब्याभर पाणी प्यायल्या. त्यांचा जीव वाचला.

मी मात्र त्या रिकाम्या पेल्यापाशीच बसले. इतके दिवस त्यांना वेड्यात काढणारी मी, रडू आवरत विचारलं,

"आई, माझं काही विचारलं का हो त्यानं?"