गास्पारेच्या छातीतली पहारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. ब्रुकलिनमधल्या गास्पारे इन्ग्रासिया नावाच्या म्हाताऱ्या गवंड्याच्या उजव्या फुप्फुसात मी राहते. मी इतकी लहान, की माझी हकिकत सांगण्याजोगी आहे का, याचीच मला शंका वाटते. पण बोलण्याचा वारा आमच्याच घरातून जातो, त्यामुळे ऐकलेलं पुष्कळ आहे.

माझं शिक्षण छातीच्या हाडामागे एका ग्रंथीत झालं. तिथे एकच धडा होता: आपलं कोण आणि परकं कोण. ज्या पेशींना तो जमला नाही, त्या पुन्हा दिसल्या नाहीत. मला जमला. मग मी फुप्फुसात पहाऱ्याला आले. परकं दिसलं की हाक मारायची, आणि एकदा ओळखलेलं विसरायचं नाही, एवढंच माझं काम. गास्पारेला न्यूमोनिया झाला तेव्हा आम्ही जंतूंना हटवलं. “बैलाची छाती आहे माझ्या नवऱ्याची!” असं त्याची बायको असुंता शेजारणींना सांगे. ते कौतुक आमचं होतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढे गास्पारेने गच्चीवर कबुतरं पाळली. खुराडं झाडताना पिसांवरची भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासाबरोबर आत येई. तिच्यात जीव नव्हता. पण ती परकी होती, म्हणून मी हाक मारली.

भक्षक पेशी धावून आल्या. जंतूंवर ओतायचं जहाल द्रव्य त्यांनी तिथेच ओतलं, आणि हवेचे नाजूक फुगे सुजले, पाण्याने भरले. पुष्कळ जणी तिथेच मेल्या. धूळ रोज येत राहिली, मीही हाक मारत राहिले. शेवटी तिथे कडक व्रण उरले. आता तिकडे वारा जात नाही. त्या बाजूने सरकताना मला माझीच हाक ऐकू आल्यासारखं वाटतं.

धाप लागू लागली तेव्हा गास्पारे दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जंतू नाहीत, काका. तुमच्याच पेशी तुमचं फुप्फुस जाळताहेत. कबुतरं ठेवलीत, तर श्वास राहायचा नाही.”

त्यांच्या गोळ्यांनी मला गुंगी आली. गास्पारेने सगळा थवा पलीकडच्या गच्चीवर कबुतरं पाळणाऱ्या नुन्झिओला दिला. वाट चुकून आलेलं पाखरू जो पकडेल त्याचं, हा तिथल्या गच्चीवाल्यांचा नियम. त्यापायी दोघे जन्मभर भांडले होते.

“म्हाताऱ्या, सगळी मजाच घालवलीस!” नुन्झिओ म्हणाला. “तुझी पाखरं पळवायला मी आयुष्यभर टपलो, आणि आज तूच टोपल्या भरून आणतोस?”

“कोंडून ठेवू नकोस त्यांना. उडू दे.”

“उडू दिली तर तुझ्याकडेच येतील, गाढवा.”

“येत नाहीत. तुझा मका खातील आणि विसरतील मला.”

विसरतील कशी? दार उघडताच सगळी परत आली. गास्पारेला राहवलं नाही. त्याने खुराडं उघडलं आणि एक करडी मादी छातीशी धरली. धूळ आत आली. मी जागी झाले.

दिवस कलताना त्याला ताप भरला. जिन्यातच तो खाली बसला. असुंता ओरडली, “त्यांच्याशीच लग्न करायचं होतंस! मला कशाला आणलीस?” आणि मग त्याच्याच शेजारी पायरीवर बसून रडू लागली.

तो बरा झाल्यावर म्हणाला, “नुन्झिओ, माझं खुराडं मोड.”

“शुद्धीवर आहेस ना?”

“घर दिसलं नाही, तरच ती तुझ्याकडे राहतील.”

नुन्झिओने तोंड बांधून, पाणी शिंपडून खुराडं मोडलं, फळ्या गाडीतून लांब पाठवल्या आणि तो आपल्या गच्चीवर गेला. थवा रिकाम्या गच्चीवर गोल गोल फिरत राहिला. थव्याला खाली उतरवायच्या शिट्टीसाठी बंद खिडकीमागे गास्पारेने ओठांचा चंबू केला. आम्ही सगळा वारा वर लोटला, पण आवाज निघाला नाही.

त्याने नुन्झिओला फोन लावला. “तूच शिट्टी मार रे. माझ्याजवळ वारा नाही.”

पलीकडून शिट्टी आली. थवा डगमगला. मग ती करडी मादी वळली, आणि तिच्यामागे बाकीची.

मित्रांनो, खोकला रेंगाळला, जिना चढताना धाप लागली, तर लपवू नका. ज्या धुळीने छाती भरून येते, ती दूर ठेवा. झालेले व्रण मला पुसता येत नाहीत, आणि माझी समजूत कुणाला घालता येत नाही. गास्पारेच्या उरलेल्या फुग्यांत आज स्वच्छ हवा येते आहे. मी शांत आहे. पण मी मेलेली नाही.