सल्लागाराची सही

पाच वाजायच्या आत आमच्या आराखड्यावर सल्लागाराची सही झाली नाही, तर वीज उपकेंद्रातली आमची जागा रांगेत मागे असलेल्या कंपनीला जाणार होती. जागा म्हणजे माळावर आम्ही उभारणार होतो त्या सौर प्रकल्पाची वीज वाहिनीत सोडायची परवानगी. ती गेली की आमच्याकडे नुसता माळ उरणार होता.

ताईने त्यापायी वीज मंडळातली कायमची नोकरी सोडली होती आणि तिच्या भरवशावर मी माझी. मंडळात असताना ज्याच्या फायली ती सारख्या परत पाठवायची, त्यालाच तिने सल्लागार नेमलं. मी म्हटलं, "अगं, दुसरा कोणी मिळाला नाही का तुला?"

"चुकलं तर तोंडावर सांगतो तो," ती म्हणाली.

झालं. आता तो समोर बसून तोंडावर सांगत होता.

"मॅडम, दुपारचा विजेचा खप तुम्ही कामाच्या दिवसांचा धरलाय. सुट्टीला तिथला कारखाना बंद. मग एवढी वीज ओढणार कोण? विजेचा दाब चढेल, आणि घरोघरचे पंखे, फ्रीज जळतील."

सूर्याला सुट्टी नसते हे शेंबडं पोरही सांगेल. पण ताईची सगळी नोकरी कामाच्या दिवसांचे आकडे तपासण्यात गेली. सुट्टीला ऑफिस बंद, म्हणून आकडेही बंद.

"प्रकल्प निम्मा करू," मी म्हणालो.

"मग अर्ज नव्याने. रांगेत शेवटी."

मी लाज सोडली. हात जोडले. "साहेब, सही करा. पुढचं पुढे बघू. रस्त्यावर येऊ हो आम्ही!"

तो लबाड असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्याने चष्मा काढला, डोळे पुसले आणि ताईकडे बघितलं.

"माझी अशी फाईल तुम्ही पास केली असती का, मॅडम? हो म्हणा, आत्ता सही करतो."

मी टेबलाखालून ताईच्या पायावर पाय दिला. हो म्हण, बाई. आयुष्यात एकदा तरी खोटं बोल.

"नाही," ताई म्हणाली.

त्याने पेन खिशात ठेवलं.

बाहेर जिन्यात मी तिच्यावर ओरडलो. "स्वतःचं वाटोळं केलंस ते केलंस, मला कशाला ओढलंस त्यात?" येणारेजाणारे बघत होते. बघू देत. ती कठडा धरून पायरीवर बसली. तसा माझा आवाज उतरला.

"बरं, आता काय करायचं?"

लहानपणापासून हे मी तिलाच विचारत आलोय. चुकीचं का होईना, तिच्याकडे उत्तर असायचंच.

"मला नाही माहीत रे," ती म्हणाली.

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि मला भयंकर भीती वाटली.