डाव्या बाजूचा रबरी पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नाही आणि कुत्र्याच्या गळ्यातलाही नाही. रणगाड्याच्या चाकांवरून फिरतो ना, तो. पण लगेच सलाम ठोकायला उठू नका. माझा रणगाडा वीतभर लांबीचा, प्लास्टिकचा होता, आणि मी त्याच्या चाकांवर एकदाही फिरलो नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझा साचा कोरणारा कारागीर भलता चिवट होता. भंगाराच्या एका आवारात खरा रणगाडा पडला होता. त्याच्याखाली तो दोन दिवस पाठीवर पडून राहिला आणि शिंप्याच्या टेपने पट्ट्याचा एकेक ठोकळा मोजून आला. आवाराच्या राखणदाराला वाटलं, माणूस गेला. त्याने कुठे कुठे कळवूनही टाकलं होतं. त्या मापांचा पस्तिसावा हिस्सा करून मला ओतलं. माझ्या अंगावरची गुळगुळीत ठोकळ्यांची रांग अगदी खऱ्यासारखी आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे मला कुणीच विचारणार नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मी डावा. माझा जुळा उजवा. दोनशे सुट्या भागांबरोबर आम्हाला एका खोक्यात भरलं, आणि ते खोकं काकांच्या घरी आलं.

काका म्हणजे दोन भावांतले धाकटे. पुलांचे आराखडे काढण्यात त्यांचा जन्म गेला. रेघ केसभर सरकली तर पूल नदीत, या धाकात त्यांनी नोकरी केली. ते निवृत्त झाले तोवर एकही पूल पडला नव्हता, तरी धाक काही गेला नाही. थोरले ते दादा. त्यांनी तरुणपणी सैन्यात रणगाडा चालवला होता. वाटेत पट्टा तुटला की खाली उतरून, घणाने खिळे ठोकून तो जोडायचा, हेही त्यांचंच काम. अशाच एका जोडणीत त्यांच्या करंगळीचं टोक गेलं. दादांची मुलगी टपाल कचेरीत होती. तिला सगळे ताईच म्हणत. तिघं एकाच घरात राहत.

दादांना काचबिंदू झाला होता. कडेचं दिसणं आधीच गेलं होतं. मधोमध एक गोल तेवढा उरला होता.

“डॉक्टर काय म्हणाले?” काकांनी विचारलं.

“वर्षभर, म्हणाले. मग दिवे बंद,” दादा म्हणाले. “सध्या नाण्याएवढं दिसतं. लांब धरलास तर तुझा रणगाडा त्यात मावेल. फक्त लवकर कर. एकदा बघायचाय मला. माझा होता तसा.”

“अगदी तसाच करतो,” काका म्हणाले.

मित्रांनो, बाकी कुणी असता तर ‘करतो’वर थांबला असता.

तीन आठवड्यांत रणगाडा उभा राहिला. तोफ बसली, झाकणं बसली, रंग चढला. आम्ही दोघं जुळे तेवढे उरलो. काकांनी मला चिमट्यात धरलं, भिंगाखाली नेलं, पुस्तक उघडलं आणि मला परत खाली ठेवलं.

“दादा, खोक्यातले पट्टे चुकीचे आलेत. गुळगुळीत आहेत. पुस्तकात उठावाच्या नक्षीचे लोखंडी दिलेत.”

“आमचे गुळगुळीतच होते रे. ओल्या गवतावर रणगाडा असा घसरायचा, की गायी चरायचं सोडून बघत बसायच्या.”

“तुझा काहीतरी गोंधळ होतोय. तुम्ही आघाडीवर गेलात त्या साली सगळे पट्टे बदलले होते. पान एकशे बारा.”

“पान एकशे बारा होतं का तिथं? मी होतो.”

“तू आत बसायचास, दादा. पट्टे बाहेर असतात.”

दादांनी हात समोर धरून आपली तुटकी करंगळी शोधली. त्या नाण्यात ती सापडायला जरा वेळ लागला. मग म्हणाले, “बरं बाबा. तू शिकलेला.”

त्या दिवसापासून अचूक पट्ट्यांचा शोध सुरू झाला. काका संगणकावर एका गटात शिरले. त्यात अकरा जण होते आणि ते रात्रंदिवस पट्ट्यांवर भांडत. त्यातल्या एकानेही रणगाडा चालवलेला नव्हता. एकाला तर सायकलही येत नव्हती, पण पट्ट्याच्या आतल्या दातांच्या कोनाबद्दल त्याचा शब्द अखेरचा मानत. “जो चालवून आलाय त्यालाच विचारा की,” असं त्यांच्यात कुणी म्हणालं असेल, तर त्याला बहुधा काढून टाकलं असावं.

पहिलं पार्सल दोन महिन्यांनी आलं. पट्टे अर्ध्या मिलिमीटरने रुंद निघाले. परत. दुसरं चार महिन्यांनी आलं. रुंदी बरोबर, नक्षी बरोबर, पण आतले दात पोकळ हवेत ते भरीव. परत. दोन्ही वेळा ताईच कचेरीतून पार्सल घेऊन आली आणि तीच परत घेऊन गेली.

“काका, तुमच्या पट्ट्यांना आमच्याकडे आता स्वतंत्र कप्पा दिलाय,” ती म्हणाली. “ते खोक्यातले लावून एकदा बाबांना दाखवा ना. मग काढा हवे तर.”

“शेवटचं बघणार तो. ते चुकीचं दाखवू?”

“शेवटचं आहे म्हणूनच म्हणतेय मी.”

“तुझ्या बाबांना आता नीट आठवत नाही गं. आठवणीवर का कुणी पूल बांधतं?”

“पूल कोण बांधतंय, काका? खेळणं आहे ते.”

हे मात्र तिने बोलायला नको होतं. काका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

या काळात मलाही काम मिळालं. पट्ट्यांविषयीची कात्रणं, फोटो, गटातल्या भांडणांच्या छापील प्रती यांची चळत झाली होती. काकांनी ती माझ्याने बांधली. ताणून दोन वेढे आणि गाठ. म्हणजे माझ्याविरुद्धचा सगळा पुरावा मीच घट्ट कवटाळून बसलो होतो, खिडकीतल्या उन्हात, महिनोन्‌महिने. माझ्या जुळ्याचे चार तुकडे करून टेबलाच्या आखूड पायाखाली सारले. टेबल हललं तर काम अचूक होत नाही ना.

इकडे दादांचं नाणं बारीक होत चाललं. मध्यंतरी ते शर्टाच्या बटणाएवढं झालं, मग मसुरीच्या दाण्याएवढं. ते रोज सकाळी विचारत, “आले का रे पट्टे?”

“टपालात आहेत.”

“बरं. माझं उलट चाललंय. रोज थोडं परत जातंय.”

तिसरं पार्सल आलं तोवर शोधाला सव्वा वर्ष झालं होतं. धातूचे पट्टे, एका बाजूला एकोणऐंशी कड्या, प्रत्येक कडी सुटी. काकांनी त्या बारीक तारेत ओवल्या. अकरा दिवस ते मान वर न करता बसले. बोटांना भोकं पडली. बाराव्या दिवशी सकाळी साडेदहाला त्यांनी हाक मारली, “दादा, ये. झाला.”

दादा भिंतीला हात लावत आले, खुर्चीत बसले, चेहरा टेबलाकडे केला.

“दिवा लाव की,” ते म्हणाले.

खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर पडलं होतं. काकांनी तरीही दिवा लावला. बटणाचा आवाज झाला. दादा थोडे थांबले.

मग दादांनी हात पुढे केले. बोटं तोफेवरून गेली, झाकणावर थांबली. “इथं माझं डोकं असायचं.” तिथून बोटं पट्ट्यांवर उतरली. तुटकी करंगळी एकेका कडीच्या उठावावरून फिरली. परत मागे आली. परत फिरली. मित्रांनो, ती केसाएवढी नक्षी डोळ्यांना चटकन दिसत नाही, पण बोटांना लागते. मी हे हातभर अंतरावरून पाहत होतो.

“छान झालाय,” दादा म्हणाले.

“अगदी तसाच?”

“अगदी तसाच.”

काका न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

महिन्याभराने दादांचा एक जुना सोबती भेटायला आला. दादा चालवत तेव्हा तोफ हा डागायचा. त्या धमाक्यांनी त्याचे कान गेले होते, त्यामुळे कानात सांगायची गोष्टही तो गावाला सांगितल्यासारखी सांगे. काका चहा टाकायला आत गेले. तोफवाल्याने रणगाडा उचलून डोळ्यांजवळ धरला.

“पट्टे कुणाचे लावलेत हे? आपले सपाट होते ना? त्या घसरड्या पट्ट्यांपायी मी तुला किती शिव्या घातल्या.”

“माहितीये मला. बोटांना लागलं. हळू बोल.”

“काय?”

“हळू बोल म्हटलं. सव्वा वर्ष खपलाय तो.”

“हां, हां. मी हळूच बोलतोय,” तोफवाला ओरडला.

आतून कपबश्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग बऱ्याच वेळाने काका चहा घेऊन आले. चहा निवलेला होता. “कसा वाटला रणगाडा?” त्यांनी विचारलं. तोफवाला म्हणाला, “झकास.” तिघांनी निवलेला चहा प्यायला. एकानेही गरम करून मागितला नाही.

पाहुणा गेल्यावर दादा आत जाऊन पडले. काकांनी लोखंडी पट्ट्यांची तार कापली आणि ते उतरवले. मग माझी गाठ सोडली. पुरावा टेबलभर पसरला, त्याकडे त्यांनी बघितलंही नाही. त्यांनी मला पहिल्यांदाच दोन्ही हातांत धरलं. मित्रांनो, मी याच क्षणासाठी जन्मलो होतो. पण ताणून बांधलेलं रबर उन्हात पडलं की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या चाकावरून मी वळलो, दुसऱ्यावर तडकलो आणि तिसऱ्यावर माझे दोन तुकडे झाले.

“काय तुटलं रे?” आतून दादांनी विचारलं.

“काही नाही, दादा.”

काकांनी लोखंडी पट्टे नवी तार घालून परत चढवले. आता रोज सकाळी दादा रणगाडा मागून घेतात, त्यावरून बोटं फिरवतात आणि “अगदी तसाच,” म्हणतात. काका “हो,” म्हणतात. दोघांनाही सगळं माहीत आहे. ताई चहाचा कप ठेवते आणि लगेच आत जाते.

मी खोक्यात आहे, दोन तुकड्यांत. मला जपा, असं मी म्हणणार नाही. ती वेळ गेली. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी “मी तिथं होतो,” असं म्हणालं, तर हातातलं पुस्तक मिटा आणि विचारा, कसं होतं ते. तो सांगेल तसं करा. चुकलं तर चुकू द्या. आणि केलेलं त्याच्यासमोर ठेवायचं असेल, तर त्याला दिसतंय तोवर ठेवा.